फ्रेंच राज्यक्रांती: तिजोरी, हजेरी आणि ३६१ मतं

हिशेबनीस (धागाकर्ता)

फ्रेंच राज्यक्रांतीचा विषय निघाला की आधी रूसो, व्हॉल्टेअर आणि माँतेस्क्यू येतात, मग राणी मारी आंत्वानेतचा केक (‘भाकरी नसेल तर केक खा’), आणि मग एकदम गिलोटिन. मधली तीन-चार वर्षं कोणी काढतच नाही. केकचं वाक्य तिच्या तोंडी नंतर घातलेलं आहे. आणि हे तिन्ही विचारवंत क्रांतीआधीच वारले होते: माँतेस्क्यू १७५५ मध्ये, उरलेले दोघे १७७८ मध्ये. त्यामुळे या धाग्यात मधल्या वर्षांबद्दल बोलू. राजा सोळावा लुई नेमका कुठे अडला, कोणी अडवला आणि कशाच्या जोरावर?

सुरुवात हिशेबापासून करतो. १७८८ सालचा सरकारी खर्च सुमारे ६२.९ कोटी लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन), जमा सुमारे ५०.३ कोटी. तूट साडेबारा कोटींची. खर्चाची फोड त्याहून बोलकी आहे. कर्जाचा हप्ता आणि व्याज मिळून ३१.८ कोटी, म्हणजे निम्मी रक्कम. लष्कर आणि आरमार साडेसोळा कोटी. ज्या दरबारी उधळपट्टीवर लोकांचा राग होता, ती साडेतीन कोटींच्या आसपास, शेकडा सहा. राजाराणीने उपास केले असते तरी तूट भरली नसती.

हे कर्ज मुख्यतः अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचं. इंग्लंडला खाली ओढण्यासाठी फ्रान्सने त्यात शंभर कोटी लिव्रांहून जास्त ओतले, आणि अर्थखातं सांभाळणाऱ्या नेकेरने नवे कर जवळपास न लावता ते उसने उभे केले. वर १७८१ मध्ये त्याने ताळेबंद छापून जाहीर केला आणि त्यात एक कोटीची शिल्लक दाखवली. युक्ती सोपी होती: युद्धाचा खर्च ‘असाधारण’ म्हणून बाहेर ठेवायचा. परिणाम असा की पुढच्या मंत्र्याने ‘पैसे नाहीत’ म्हटलं की लोक विचारायचे, परवापर्यंत होते ते कुठे गेले?

कर्ज घेण्याची पद्धतही वेडगळ. सरकार आजीवन वर्षासन विकायचं: आज ठोक रक्कम द्या, ज्याचं नाव लावाल तो जिवंत असेपर्यंत दरसाल आठ-दहा टक्के घ्या. दर सगळ्यांना एकच, मग नाव ऐंशीच्या म्हाताऱ्याचं असो की सहा वर्षांच्या मुलीचं. जिनिव्हाच्या सावकारांनी हे बरोबर हेरलं. देवी येऊन गेलेल्या, खात्यापित्या घरच्या तीस मुली निवडायच्या, त्यांच्या नावावर वर्षासनं घ्यायची आणि त्यांचे हिस्से पाडून गुंतवणूकदारांना विकायचे. मुली तगल्या, फ्रान्सची तिजोरी खंगली.

---

जिज्ञासू

धागा उत्तम, वाचनखूण साठवली. दोन शंका आहेत. अनियंत्रित राजा होता ना? मग फर्मान काढून कर का नाही लावला? आणि आधीच्या राजांसारखे हात का नाही वर केले?

---

तळटीप

@जिज्ञासू, पहिल्या शंकेचं उत्तर ‘पार्लमाँ’. नावावर जाऊ नका. ती कायदेमंडळं नव्हती, वरिष्ठ न्यायालयं होती. देशभरात डझनभर, सर्वांत वजनदार पॅरिसचं. राजाचा हुकूम त्यांच्या दप्तरी नोंदला गेल्याशिवाय लागू होत नसे. न्यायाधीशांनी पदं विकत घेतलेली असत, त्यामुळे ती मालमत्ता होती आणि सहज काढून घेता येत नसे. राजा स्वतः जाऊन बसला तर नोंद सक्तीने करून घेता यायची, पण त्यानंतर न्यायालय काम बंद ठेवायचं आणि निषेध छापून वाटायचं.

१७८६ मध्ये अर्थमंत्री कालोनने सगळ्या जमिनीवर, सरदार-धर्मगुरू न वगळता, एकच जमीनकर सुचवला. पार्लमाँला वळसा घालायचा म्हणून २२ फेब्रुवारी १७८७ रोजी १४४ मानकऱ्यांची सभा भरवली. म्हणजे ज्यांच्यावर कर बसवायचा त्यांनाच संमती विचारली. ते म्हणाले, आधी हिशेब दाखवा. कालोन एप्रिलमध्ये गेला. त्याच्या जागी ब्रिएन आला आणि तोही तिथेच अडकला. पॅरिसच्या पार्लमाँने सांगितलं की नवा कायमचा कर मंजूर करायचा अधिकार फक्त इस्टेट्स जनरलला, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि बाकी सगळी प्रजा (तिसरा वर्ग) अशा तिन्ही वर्गांच्या महासभेला आहे. राजाने न्यायाधीशांना त्र्वा गावी पिटाळलं. १७८८ च्या मे महिन्यात तर त्यांचे अधिकारच काढून घ्यायचा प्रयत्न झाला. ग्रनोबलला ७ जूनला लोकांनी छपरावर चढून सैनिकांवर कौलं फेकली. कोणाच्या बाजूने? वंशपरंपरागत न्यायाधीशांच्या! क्रांतीची पहिली दंगल विशेषाधिकारवाल्यांच्या बचावासाठी झाली, हे पाठ्यपुस्तकात बसत नाही म्हणून गाळलं जातं.

दुसरी शंका. १७७० च्या सुमारास तेव्हाचा अर्थमंत्री तेरेने अंशतः दिवाळं काढलंही होतं. पण पुढच्या वीस वर्षांत सरकारी कागद फार हातांत पसरला. पॅरिसचे वकील, व्यापारी, विधवा, नोकरदार, सगळ्यांचं व्याज त्यावर चाले. १६ ऑगस्ट १७८८ रोजी तिजोरीने काही देणी रोखीऐवजी कागदात द्यायचं जाहीर केलं, तर दहा दिवसांच्या आत ब्रिएन घरी गेला आणि नेकेरला परत बोलवावं लागलं. महासभा १ मे १७८९ ला भरवायची घोषणा त्याच्या आठवडाभर आधी, ८ ऑगस्टलाच झाली होती.

---

मोडीवाचक

विचारवंतांना धागाकर्त्याने फारच लवकर दाराबाहेर काढलं. तूट इंग्लंडलाही होती, आणि तिथलं कर्ज दरडोई पाहिलं तर जड होतं. तिथे राजा पडला नाही. तुटीने महासभा बोलवावी लागली, मान्य. पण महासभेचं रूपांतर सार्वभौम राष्ट्रीय सभेत झालं ते तुटीने नव्हे.

कोणाचं पुस्तक कोण वापरत होतं तेही बघा. माँतेस्क्यू वापरला पार्लमाँच्या न्यायाधीशांनी: राजा आणि प्रजा यांच्यामध्ये मध्यस्थ संस्था हव्यात, नाहीतर जुलूम. म्हणजे तो सरदारांच्या कामी आला. रूसोला प्रतिनिधी ही कल्पनाच मान्य नव्हती. इच्छा दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही, असं त्याचं म्हणणं, आणि प्रजासत्ताक लहान राज्यालाच मानवतं असंही. अडीच कोटींहून अधिक वस्तीच्या देशात त्याचा थेट उपयोग काय?

खरं हत्यार घडवलं ते सियेसने. शार्त्रच्या बिशपचा कारभारी असलेला पाद्री, धर्मावर श्रद्धा बेताचीच. जानेवारी १७८९ मध्ये त्याची पुस्तिका आली. तिच्या आरंभीचे तीन प्रश्न प्रसिद्ध आहेत: तिसरा वर्ग म्हणजे काय? सर्व काही. आजवर राज्यव्यवस्थेत तो काय होता? काहीच नाही. त्याला काय हवंय? काहीतरी होणं. पण घोषणा सोडा, आतली मांडणी बघा. त्यातले दोन मुद्दे निर्णायक ठरले.

एक: राष्ट्र म्हणजे काम करणारे लोक. शेती, उद्योग, व्यापार, सेवा, आणि सरकारी-लष्करी कामातलाही बहुतांश भार तिसरा वर्ग उचलतो. विशेषाधिकारवाले वेगळ्या कायद्याखाली राहतात, म्हणून ते त्या राष्ट्राचा भागच नाहीत. दोन: घटना घडवणारी सत्ता वेगळी आणि घटनेने घडवलेली सत्ता वेगळी. राजा, पार्लमाँ, महासभा या सगळ्या घडवलेल्या. घडवणारं राष्ट्र त्यांच्या नियमांना बांधलेलं नाही. प्रतिनिधित्वाला त्याने श्रमविभागणीचा आधार दिला: जसा प्रत्येकजण स्वतःचा जोडा शिवत नाही तसा राज्यकारभारही नेमलेल्या लोकांनी करायचा. इथे तो रूसोपासून पूर्ण फारकत घेतो.

हे दोन मुद्दे नसते तर जून १७८९ मध्ये तिसऱ्या वर्गाचे वकील नियमावली चाळत बसले असते.

---

वऱ्हाडी ठेचा

पण नियमावलीवरच तर गाडी अडली ना भाऊ. ते सविस्तर सांगा, मस्त प्रकरण आहे ते.

---

हिशेबनीस

मोडीवाचक, इंग्लंडचा मुद्दा बिनतोड आहे. पण तिथे कर मंजूर करणारं संसदेचं घर आधीपासून उभं होतं, म्हणून कर्ज स्वस्त मिळे. इथे ते घर १६१४ नंतर उघडलंच नव्हतं. वऱ्हाडी ठेचा यांच्यासाठी पेच क्रमाने मांडतो.

१६१४ ची रीत: तिन्ही वर्ग वेगवेगळ्या दालनांत बसतात आणि प्रत्येक वर्गाचं एक मत. म्हणजे धर्मगुरू आणि सरदार एकत्र आले की दोनास एक. २५ सप्टेंबर १७८८ रोजी पॅरिसच्या पार्लमाँने हीच रीत पाळायची असा निवाडा दिला आणि कालपर्यंत त्यांना खांद्यावर घेणारा जमाव एका रात्रीत उलटला. २७ डिसेंबरला राजाने तोडगा काढला: तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी दुप्पट. पण मतं डोक्यामागे मोजायची की वर्गामागे, यावर एक अक्षर नाही. दालनागणिक एकच मत असेल तर सहाशे माणसं पाठवली काय आणि सहा पाठवली काय! लुईच्या साऱ्या कारकिर्दीतली सर्वांत महाग चूक मला हीच वाटते.

५ मे १७८९ ला व्हर्सायला महासभा सुरू झाली. ढोबळमानाने धर्मगुरू ३००, सरदार ३०० हून थोडे कमी, तिसरा वर्ग ६०० च्या आत. पहिलं काम अगदी कारकुनी: प्रत्येकाचं निवडपत्र तपासायचं. तिसऱ्या वर्गाने इथेच पाय रोवला. म्हणाले, तपासणी एकत्र दालनात होईल, नाहीतर नाही. कारण वेगळी तपासणी मान्य केली की वेगळं दालन मान्य, आणि वेगळं दालन मान्य की वेगळं मत मान्य. पाच आठवडे काहीही काम नाही. साधा अध्यक्षही निवडला नाही, कारण त्यानेही वेगळी संस्था असल्याची कबुली झाली असती.

१० जूनला सियेसने ठराव आणला: बाकी दोघांना शेवटचं बोलावणं पाठवू आणि सर्व मतदारसंघांची हजेरी घेऊ, जो येणार नाही तो गैरहजर. १२ ला संध्याकाळी हजेरी सुरू झाली. १३ ला प्वातू प्रांतातले तीन गावपाद्री आत आले आणि बांध फुटला. धर्मगुरूंच्या दालनात दोन तृतीयांशांहून जास्त असे गावपाद्री होते, उत्पन्नाने आणि मनाने बिशपांपेक्षा शेतकऱ्यांच्या जवळचे. १७ जूनला ‘राष्ट्रीय सभा’ हे नाव घेतलं गेलं, ४९१ विरुद्ध ८९.

त्याच दिवसाचा दुसरा ठराव कोणी सांगत नाही, आणि तो जास्त धारदार आहे. सध्याचे सगळे कर राष्ट्राच्या संमतीविना लावलेले, म्हणून बेकायदा. पण सभा बसलेली असेपर्यंत ते तात्पुरते भरावेत. आणि जुन्या कर्जाची हमी आता राष्ट्राची. म्हणजे राजाने सभा मोडली तर त्या क्षणी कर थांबणार आणि सावकारांची हमी जाणार. एका ठरावात करदाते आणि सावकार दोघेही सभेच्या बाजूला आणून बसवले. २० जूनची टेनिस कोर्टवरची शपथ (घटना होईपर्यंत पांगणार नाही) चित्रात छान दिसते, शपथेला विरोध करणारा एकटा सभासद मार्तें-दोशही त्यात आहे. पण खरी मोहीम १७ तारखेलाच फत्ते झाली होती.

---

वऱ्हाडी ठेचा

ठराव कागदावर. सैन्य राजाकडे होतं. वीस-तीस हजार शिपाई पॅरिस-व्हर्सायच्या आसपास जमवले जात होते आणि ११ जुलैला नेकेरला हाकललं. तेव्हा सभा कोणी वाचवली? भाकरीने.

१३ जुलै १७८८ ला भयंकर गारपीट झाली, पीक झोपलं, पुढचा हिवाळा नद्या गोठवणारा. पॅरिसमध्ये चार पौंडाचा पाव एरवी आठ-नऊ सू ला (सू म्हणजे लहान नाणं) मिळे, तो फेब्रुवारी १७८९ पर्यंत साडेचौदावर गेला. मजुराची रोजी २० ते ३० सू. चौघांच्या घरात दिवसाला दोन पाव लागतात धरा, म्हणजे २९ सू. भाडं, सरपण, कपडे कशातून? एप्रिलअखेर रेव्हेयोंच्या वॉलपेपर कारखान्यावरून दंगल झाली ती त्याने मजुरीबद्दल काही बोलल्याच्या नुसत्या वार्तेवरून.

बॅस्टिल हा पॅरिसमधला किल्ला-तुरुंग लोकांनी कैदी सोडवायला फोडला असं अजून शिकवतात. कैदी होते सात: चार बनावट हुंड्या करणारे, दोन वेडे, एक घरच्यांनी डांबलेला काउंट. लोकांना हवी होती दारू, बंदुकीची. १४ तारखेला सकाळी आँव्हालीद या सैनिकी आश्रमातून ३० हजारांच्या आसपास बंदुका उचलल्या, पण काडतुसं-दारू जवळपास नाही. २५० पिंपं दारू नुकतीच बॅस्टिलमध्ये हलवलेली होती. आत ८२ पेन्शनीतले शिपाई आणि ३२ स्विस. जाड भिंतींपुढे बंदुकांचं काही चाललं नाही. हल्लेखोरांपैकी ९८ मेले. फ्रेंच गार्ड पलटणीचे फुटलेले शिपाई तोफा घेऊन आले आणि त्या दरवाजासमोर लावल्या, तेव्हा किल्लेदार द लोने शरण आला. राजाला कळलं ते एवढंच, की राजधानीतली पलटण आपली राहिलेली नाही.

---

मांडवीकाठ

वऱ्हाडी ठेचा, +१.

एक अवांतर, कारण ही गल्लत वारंवार दिसते. गोव्यातला पिंटोंचा कट फ्रेंच क्रांतीच्या प्रेरणेने झाला असं लिहिलं जातं. तो कट १७८७ चा. तेव्हा बॅस्टिल पडायला दोन वर्षं होती. कांदोळीच्या पिंटो घराण्याशी जोडलेल्या त्या कटात स्थानिक पाद्री पुढे होते, आणि तक्रार होती चर्चमधल्या वरच्या जागा गोऱ्यांनाच मिळतात ही. १५ जणांना पणजीत देहदंड झाला. प्रेरणाच शोधायची तर साम्य प्वातूच्या त्या तीन गावपाद्र्यांशी आहे: बढती अडलेला, शिकलेला, खालच्या फळीतला धर्मगुरू. दोन्हीकडे तोच बिथरला.

---

उत्तररात्र

महाराष्ट्राशी खरा दुवा पाहायचा तर महाड. २५ डिसेंबर १९२७ च्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या सभेची तुलना थेट १७८९ च्या व्हर्सायच्या सभेशी केली, परिषदेने माणसाच्या जन्मसिद्ध समान हक्कांचा जाहीरनामा केला, आणि त्याच रात्री मनुस्मृती जाळली. त्यांनी उदाहरण निवडलं ते बॅस्टिलचं नाही, सभेचं, हे लक्षात घ्या. पुढे १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात मात्र स्वातंत्र्य, समता, बंधुता ही आपण फ्रेंच क्रांतीकडून नव्हे तर बुद्धाकडून घेतली, असं त्यांनी बजावलं.

आता ४ ऑगस्टच्या रात्रीबद्दल कोणीतरी लिहा. तिथे ‘सरंजामशाही रद्द’ एवढ्यावर सगळे थांबतात.

---

तळटीप

लिहितो, कारण खरी मेख बारीक अक्षरांत आहे.

जुलैअखेर गावोगाव अफवा उठली की सरदारांनी भाडोत्री लुटारू सोडलेत. शेतकऱ्यांनी गढ्यांवर जाऊन हक्कांची कागदपत्रं जाळली. घाबरलेल्या सभेत ४ ऑगस्टच्या रात्री सरदारांनीच उठून एकेक हक्क सोडला. पण ११ ऑगस्टच्या अंतिम मसुद्यात दोन खाती पाडली. माणसावरचे हक्क, म्हणजे वेठ, भूदासत्व, शिकारीचा मक्ता, जहागीरदाराची कचेरी, हे बिनभरपाई रद्द. जमिनीवरची देणी मात्र ‘मालमत्ता’ ठरली. ती मोबदला देऊन सोडवून घ्यायची. मे १७९० मध्ये दर ठरले: रोख देणं असेल तर वर्षाच्या रकमेच्या २० पट, धान्यात असेल तर २५ पट. सोडवून घेईपर्यंत देत राहायचं, आणि मागची थकबाकीही. कोणत्या कुळाकडे वीस वर्षांचं देणं एकरकमी असतं?

म्हणून देणी कोणी सोडवली नाहीत आणि भरलीही नाहीत. तीन वर्षं गावागावांत झोंबाझोंबी. ऑगस्ट १७९२ मध्ये पुराव्याचं ओझं मालकावर टाकलं: मूळ दस्त दाखवा नाहीतर हक्क सोडा. कागद तर जळालेले. १७ जुलै १७९३ ला उरलंसुरलं बिनभरपाई रद्द झालं आणि दस्त जाळायचा हुकूमच निघाला. म्हणजे ‘एका रात्रीत’ सरंजामशाही संपायला चार वर्षं लागली, आणि त्यांतली तीन राजा गादीवर असताना गेली.

---

जिज्ञासू

आणि ज्या तुटीपासून सुरुवात झाली तिचं काय झालं? सभेने भरली का?

---

हिशेबनीस

भरायला निघाली आणि नवा खड्डा खणून बसली. जुने कर लोकांनी देणं सोडलं, नवे बसवायला यंत्रणा नाही. २ नोव्हेंबर १७८९ ला चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात घेतली. सूचना तालेराँची, तो स्वतः बिशप! एकदम विकली तर भाव कोसळणार, म्हणून डिसेंबरात ४० कोटी लिव्रांचे आसिन्या काढले: पाच टक्के व्याजाचे कागद, जमीन विकत घेताना चालणारे, परत आले की जाळायचे. इथवर योजना शहाणी होती.

बिघाड टप्प्याटप्प्याने झाला. एप्रिल १७९० मध्ये तेच कागद चलन ठरले. सप्टेंबरात मर्यादा १२० कोटी, व्याज बंद. मग युद्ध. मग छापखाना हाच महसूल. १७९३ च्या सुरुवातीला किंमत निम्म्यावर आली. सप्टेंबर १७९३ च्या कमाल दराच्या कायद्याने आणि गिलोटिनच्या धाकाने ती काही काळ सावरली, तो कायदा १७९४ अखेर उठताच तळ फुटला. फेब्रुवारी १७९६ मध्ये साचे जाहीरपणे मोडले तोवर एकूण छपाई सुमारे ४,५०० कोटींची होती.

फायदा कोणाचा झाला? चर्चची शेतजमीन १२ टक्के रोख आणि उरलेले बारा वर्षांच्या हप्त्यांत, अशी १७९० ची अट होती. ज्याने तेव्हा जमीन घेतली त्याने पुढचे हप्ते रद्दीच्या भावाच्या नोटांनी फेडले. हा नवा जमीनमालक वर्ग राजा परत येऊ नये म्हणून शेवटपर्यंत का झटला, ते वेगळं सांगायला नको. जीव नाही, सातबारा अडकला होता!

---

मोडीवाचक

राजा परत येऊ नये ही भावना १७९१ च्या जूनपर्यंत फारशी नव्हतीच. १७८९ च्या महासभेसाठी लोकांनी लिहून दिलेल्या गाऱ्हाण्यांच्या हजारो वह्यांत राजेशाही नको अशी मागणी नाही. उलट राजा दयाळू, मंत्री वाईट. सप्टेंबर १७८९ मध्ये सभेने राजाला नकाराधिकारही दिला, ६७३ विरुद्ध ३२५ मतांनी. फक्त तो कायमचा नव्हे, दोन कायदेमंडळांच्या मुदतीपुरता. याच वादात नकाराधिकाराचे समर्थक अध्यक्षाच्या उजवीकडे आणि विरोधक डावीकडे बसू लागले.

राजेशाही मोडली ती लुईने स्वतः, २० जून १७९१ च्या रात्री. बेत असा: पॅरिसहून वेशांतर करून पूर्वेच्या सीमेवरच्या माँमेदी किल्ल्यात जनरल बुयेच्या फौजेकडे पोहोचायचं. काय चुकलं? सगळं कुटुंब एकत्र हवं म्हणून मोठी, जड बर्लिन गाडी. वाटेत संरक्षणाला घोडेस्वारांच्या तुकड्या, ज्यांच्यामुळे गावकऱ्यांना उलट संशय आला. गाडीला उशीर झाला तशी श्वाझलची पहिली तुकडी कंटाळून निघून गेली आणि पुढच्यांना आता कोणी येत नाही असा निरोप गेला. सेंत-मेनूला टपालचौकीचा मुख्य द्रुएने राजाला ओळखलं. व्हारेनला टपालचौकी नव्हती, म्हणून ताजे घोडे ठेवले होते, पण नदीपलीकडे, आणि राजाची माणसं अलीकडच्या तीरावर दारं ठोठावत फिरली. तेवढ्या वेळात द्रुएने पुढे येऊन सामानाची गाडी आडवी लावून पूल अडवला. सीमा आता फार लांब नव्हती.

त्याहून वाईट म्हणजे राजा मागे स्वहस्ताक्षरात जाहीरनामा ठेवून गेला होता: आजवरची संमती आपण दबावाखाली दिली. सभेने मात्र ‘राजाला पळवून नेलं’ अशी कथा रचली, कारण जवळपास तयार झालेली घटना राजाभोवतीच बांधलेली होती. प्रजासत्ताकाची मागणी तेव्हा उघडपणे केली ती काँदोर्से आणि टॉमस पेन यांच्यासारख्या मोजक्यांनी. पुढे दहशतीचा म्होरक्या ठरलेला रोबेस्पिएर अजून हातचं राखून बोलत होता. १७ जुलैला शाँ द मार्सवर अर्जावर सह्या करायला जमलेल्यांवर लाफायेतच्या राष्ट्रीय रक्षकदलाने गोळ्या झाडल्या. राजासाठी प्रजेवर गोळ्या, त्याही क्रांतीच्याच सेनापतीकडून.

---

उत्तररात्र

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, धावतं घेते. २० एप्रिल १७९२ ला ऑस्ट्रियाशी युद्ध. सभासद ब्रिसोला हवं होतं, रोबेस्पिएरला नको. जुलैअखेर शत्रूचा सेनापती ब्रुन्सविकची धमकी: राजाला धक्का लागला तर पॅरिस बेचिराख. १० ऑगस्टला त्विलरी राजवाडा पडला, सुमारे ६०० स्विस रक्षक मारले गेले. २१ सप्टेंबरला कन्व्हेन्शनने, म्हणजे नव्याने निवडलेल्या सभेने, राजेशाही रद्द केली.

थांबायचं आहे ते राजावरच्या खटल्यापाशी. इथे इंग्लंडचं १६४९ शेजारी ठेवलं की फरक कळतो. इंग्रजांनी आधी माणूस मारला, मग पद रद्द केलं. राजा चार्ल्सच्या वधाच्या दिवशीच, ३० जानेवारीला, संसदेला घाईने कायदा करावा लागला की कोणीही नवा राजा जाहीर करू नये. नाहीतर डोकं पडताक्षणी मुलगा राजा! वध त्यासाठी काही तास लांबला. राजेपद रद्द झालं १७ मार्चला. फ्रेंचांनी क्रम उलटा ठेवला: आधी पद, मग माणूस. म्हणून त्यांच्यापुढे पेच वेगळा होता.

१७९१ ची घटना म्हणत होती की राजा अनुल्लंघनीय आहे. शत्रुसेना घेऊन राष्ट्रावर चाल केली तरी शिक्षा एवढीच, की त्याने गादी सोडली असं मानायचं. त्यानंतर केलेल्या गुन्ह्यांसाठीच तो सामान्य नागरिकासारखा खटल्याला पात्र. बचावाला त्रोंशे, म्हातारा मालझेर्ब आणि द सेझ उभे होते, आणि द सेझने २६ डिसेंबरला नेमकं हेच मांडलं: गादी गेलीच आहे, आता कोणती शिक्षा उरली? कायद्याने याला उत्तर नाही. पंचवीस वर्षांचा सभासद सें-ज्युस्त याने ते नोव्हेंबरातच ओळखून वेगळी वाट काढली होती: राजा नागरिक नाही, शत्रू आहे, त्याच्यावर खटला नव्हे, युद्धाचा नियम चालतो. कोणीही निर्दोष राहून राज्य करू शकत नाही, हे त्याचंच. रोबेस्पिएर ३ डिसेंबरला त्यापुढे गेला: खटला भरणं म्हणजे लुई निर्दोष असू शकतो असं मानणं, मग क्रांतीच आरोपी ठरते.

कन्व्हेन्शनने दोघांचंही ऐकलं नाही, खटला चालवला.

---

वऱ्हाडी ठेचा

३६१ चं गणित सांगा ना आता, शीर्षकात टांगून ठेवलंय केव्हाचं.

---

हिशेबनीस

प्रत्येक सभासदाने व्यासपीठावर येऊन तोंडी मत द्यायचं. दोषी की नाही, यावर एकही ‘नाही’ आलं नाही. निकाल जनमताला टाकायचा का, हा जिराँदवाल्यांचा (सभेतल्या मवाळ गटाचा) डाव फेटाळला गेला. शिक्षेची फेरी १६ जानेवारी १७९३ च्या संध्याकाळी सुरू झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री संपली. मतं ७२१, म्हणजे बहुमत ३६१. बिनशर्त मृत्युदंड: नेमकी ३६१.

‘एका मताने राजा मेला’ हे मात्र अर्धसत्य. माइल या सभासदाच्या सूचनेला धरून आणखी २६ जणांनी मृत्युदंडाला मत दिलं होतं, फक्त अंमलबजावणी लांबवायची का यावर चर्चा मागितली होती. ती धरून ३८७ विरुद्ध ३३४. त्या ३३४ मध्ये कैद, हद्दपारी, सशर्त मृत्युदंड सगळंच आलं. शिक्षा पुढे ढकलायची का, यावर पुन्हा मतदान झालं: नको ३८०, हवी ३१०. २१ जानेवारीला अंमल.

पेनने कैद आणि मग हद्दपारी सुचवली. काँदोर्सेने तत्त्व म्हणून मृत्युदंडाला विरोध केला. राजाचा चुलतभाऊ फिलीप एगालिते याने मृत्युदंडाला मत दिलं आणि तोही नोव्हेंबर १७९३ मध्ये गिलोटिनवर गेला. त्याचा मुलगा १८३० मध्ये फ्रान्सचा राजा झाला.

---

जिज्ञासू

आणि सियेसचं मत?

---

मोडीवाचक

मृत्युदंड. त्याच्या तोंडी घातलेलं ‘मृत्यू, बाकी शब्द नकोत’ हे दंतकथेतलं. नोंदीत नुसतं ‘मृत्यू’ आहे. दहशतीच्या काळात (१७९३-९४) तो गप्प बसून वाचला. नोव्हेंबर १७९९ मध्ये नेपोलियन बोनापार्तला हाताशी धरून सत्तापालट घडवला तोही यानेच, आपल्याला हवी तशी घटना बसवायला एक तलवार लागेल म्हणून. ती तलवार महिन्याभरात प्रथम कॉन्सल, म्हणजे राज्याचा प्रमुख, झाली आणि सियेसला जहागीर देऊन बाजूला बसवलं गेलं. १८१६ च्या कायद्याने राजहत्येला मत देणाऱ्यांपैकी ज्यांनी नंतर नेपोलियनचीही साथ केली होती त्यांना देशाबाहेर काढलं, तेव्हा तो ब्रसेल्सला गेला. १८३० नंतर परतला आणि १८३६ मध्ये पॅरिसमध्ये वारला. तेव्हा गादीवर त्याच फिलीप एगालितेचा मुलगा होता.